पहाटेचा पेला

दारू सोडून वीस-बावीस दिवस झालेले असतात. झोप अजून धड लागत नाही, पण त्या रात्री कशीबशी लागते, आणि पहाटे केव्हातरी माणूस स्वप्नात कुणाच्या तरी गच्चीवर बसलेला असतो. वरात उरकलेली आहे, समोर वर्तमानपत्रावर खारे शेंगदाणे आणि चिरलेला कांदा, हातात प्लास्टिकचा ग्लास. ग्लास निम्मा संपल्यावर त्याच्या लक्षात येतं, आपण तर सोडली आहे! पोटात खड्डा पडतो आणि तो दचकून उठतो. बनियन घामानं भिजलेलं असतं, जिभेवर चव असते. तो तळहात तोंडासमोर धरून आपल्याच श्वासाचा वास घेतो, खुंटीवरच्या पँटचे खिसे चाचपतो, शेजारी झोपलेल्या बायकोकडे बघतो. हे घडलं की नाही, हे काही मिनिटं त्याला खरोखरच ठरवता येत नाही. मग हळूहळू उलगडतं की काहीच घडलेलं नाही. पण सुटकेचा श्वास पुरता सोडायच्या आत दुसरा विचार येतो. म्हणजे ती अजून माझ्या आत आहेच. मी नुसतं सोडल्याचं सोंग करतोय.

या प्रकरणाचा विषय तो दुसरा विचार आहे. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला दारूच्या स्वप्नांचा जो त्रास होतो, त्यातला बराचसा त्या स्वप्नाला लावलेल्या अर्थाचा असतो. तो अर्थ चुकीचा आहे, असं मला इथे मांडायचं आहे. मात्र धीर देण्यासाठी पुरावा वाकवायचा नाही, हेही मनाशी पक्कं आहे. खोट्या धीराची किंमत या आजारात फार मोठी असते, आणि ती रुग्णाच्या घरालाही मोजावी लागते.

आधी ही स्वप्नं किती जणांना पडतात ते पाहू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे जॉन केली आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या समस्येतून बाहेर पडलेल्या सुमारे दोन हजार प्रौढांची देशपातळीवरची पाहणी त्याच्या मुळाशी होती. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांना सोडल्यानंतर पिण्याची किंवा नशा करण्याची स्वप्नं पडली होती. ज्यांचं व्यसन जास्त गंभीर होतं त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं, आणि सोडून जितकी वर्षं झाली तितकी ही स्वप्नं विरळ होत गेलेली दिसली. आपल्याकडे केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतले २.९ कोटी तिच्यावर अवलंबून आहेत. यांतला जो कुणी सोडायला निघेल त्याला हे स्वप्न पडण्याची शक्यता चांगलीच आहे. तरी उपचारांच्या सुरुवातीला हात थरथरतील, घाम येईल, तलफ येईल हे जसं सांगितलं जातं, तसं ‘स्वप्नात प्याल’ हे फारसं कुणी सांगत नाही. मग पहिलं स्वप्न पडतं तेव्हा माणसाला वाटतं, हे माझ्या एकट्याच्याच बाबतीत होतंय.

हे स्वप्न एवढं ठसठशीत का असतं, याचं उत्तर मेंदूच्या हिशेबात आहे. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक काळानं बंद पापण्यांखाली बुबुळं वेगानं हलू लागतात, आणि त्या वेळी जागं केलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या झोपेला ‘रेम’ झोप म्हणतात. निरोगी प्रौढाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा रेमचा असतो. विल्यम डिमेंट यांनी १९६० मध्ये याची पुढची पायरी दाखवली. एखाद्याला सलग काही रात्री रेम झोप मिळू दिली नाही, तर मुभा मिळताच मेंदू ती नेहमीपेक्षा जास्त घेतो. उधारी वसूल व्हावी तसं. दारू नेमकी रेम झोपच दाबते. संध्याकाळी भरपूर प्यायलेला माणूस पटकन झोपतो खरा, पण रात्रीच्या पूर्वार्धात त्याची रेम झोप कमी होते. वर्षानुवर्षं हेच चाललं आणि मग दारू थांबली, की साठलेला दाब एकदम मोकळा होतो. शिवाय दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा जोर वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचं काम अडवते. या दडपणाला तोंड द्यायला मेंदू हळूहळू उत्तेजनाची बाजू वाढवून ठेवतो. दारू बंद झाली की दडपण जातं, वाढवलेली बाजू मात्र तशीच उरते. त्यामुळे पहिल्या आठवड्यांची झोप तुटक असते, स्वप्नांनी गच्च भरलेली असते. तुटक झोपेत माणूस स्वप्नाच्या मधूनच जागा होतो, म्हणून ते लक्षातही राहतं.

इथे एक इशारा देणं आवश्यक आहे. १९६० च्या दशकात काही संशोधकांनी दारू तोडल्यावर डेलिरियम ट्रेमेन्सच्या उंबरठ्यावर आलेल्या रुग्णांची झोप नोंदवली, तेव्हा काहींची जवळजवळ सगळी झोप रेमचीच निघाली. या अवस्थेत स्वप्न आणि जाग यांच्यातली भिंतच कोसळते. माणसाला जागेपणी किडे दिसतात, आवाज ऐकू येतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप येतो. बहुधा शेवटच्या पेगनंतर दोन ते चार दिवसांत हे सुरू होतं, आणि उपचार न मिळाल्यास जीवही जातो. दचकून उठलेला माणूस दिवा लावल्यावर, पाणी प्यायल्यावर भानावर आला तर ते स्वप्न होतं. दिवा लावूनही भिंतीवर काही दिसत राहिलं, तर तो दवाखान्यात नेण्याचा प्रसंग आहे आणि सकाळची वाट बघायची नाही. रोज आणि भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता घरातच एकदम दारू तोडू नये असं सांगतात, ते यासाठी.

आता पहाटेबद्दल. पहाटेचं स्वप्न खरं होतं, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे, आणि दारू सोडलेल्या माणसाच्या घरात ती फार छळते. साडेचारला उठलेल्या नवऱ्याचा चेहरा बघून बायको विचारते, काय झालं हो? तो सांगतो, आणि दोघांच्याही मनात ही एकच गोष्ट येते, पहाटेचं होतं. खरं पाहता झोपेची रचनाच अशी आहे की रेमचे टप्पे साधारण दर दीड तासानं येतात आणि रात्र सरत जाईल तसे लांबत जातात. सगळ्यांत लांब टप्पा जाग येण्याच्या थोडा आधी पडतो. म्हणजे लांबलचक, गोष्टीसारखं, तपशीलवार स्वप्न पडायचं आणि लक्षात राहायचं तर ते पहाटेच पडणार. लग्नाचं असो, परीक्षेचं असो की दारूचं. या वेळेत भविष्य सांगणारं काही नाही. आपल्या पूर्वजांचं निरीक्षण अचूक होतं, की पहाटेची स्वप्नं वेगळी असतात. चूक झाली ती त्या वेगळेपणाचं कारण लावताना.

पण पहाटेच्या समजुतीपेक्षाही खोल रुतलेली आहे ती म्हण, मनी वसे ते स्वप्नी दिसे. दारूचं स्वप्न पडलेल्या माणसावर पहिला आरोप हिचाच होतो, आणि बहुतेक वेळा तो स्वतःच करतो. या म्हणीवर माझा राग नाही. उलट ती जशी आहे तशी वाचली तर बरोबरच आहे. मनात जे वसतं ते, एवढंच ती म्हणते. वसणारी गोष्ट इच्छाच असते, हे आपण तिच्यात घातलं. ज्या घरात कर्ज आहे त्याच्या मनात सावकार वसतो; सावकार यावा अशी कुणाची इच्छा असते का? मुलगा दुचाकीवर लांब गेला असेल तर आईच्या मनात रात्रभर अपघात वसतो. दारू सोडलेल्या माणसाच्या मनात दारू वसते यात शंका नाही. ती तिथे तलफ म्हणूनही असेल आणि भीती म्हणूनही. प्रश्न आहे की स्वप्नात यांतलं कोण दिसतं.

यावर चांगला प्रकाश टाकणारा अभ्यास दारूचा नाही, तंबाखूचा आहे. लंडनमध्ये पीटर हायेक आणि मायकेल बेल्चर यांनी १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. सिगारेट सोडून एक ते चार आठवडे झालेल्या २९३ जणांपैकी एक तृतीयांश लोकांना आपण सिगारेट ओढतो आहोत असं स्वप्न पडलं होतं. स्वप्नाची घडण बहुतेकांची एकच होती. आपण नकळत ओढत होतो आणि मध्येच आपल्याला ते कळलं, मग प्रचंड घाबरणं आणि अपराधी वाटणं. यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. या माणसांपैकी ९७ टक्के लोकांना, रोज सिगारेट ओढत होते तेव्हा, हे स्वप्न कधी पडत नव्हतं. स्वप्न जर नुसत्या ओढीचं चित्र असतं, तर ओढ दिवसभर राज्य करत होती तेव्हाच ते पडायला हवं होतं. ते सुरू झालं नियम केल्यावर, म्हणजे मोडण्यासारखं काही निर्माण झाल्यावर. आणि ज्यांना असं स्वप्न पडलं ते पुढे सिगारेटपासून दूर राहण्यात कमी पडले नाहीत; उलट स्वप्न पडणं हे टिकून राहण्याशी जोडलेलं आढळलं. उपचार पूर्ण करून वर्षभर सिगारेटविना राहिलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांनी अशी स्वप्नं आठवून सांगितली.

तंबाखू म्हणजे दारू नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. निकोटिन झोपेवर वेगळा परिणाम करतं, सिगारेटनं संसार उघड्यावर पडत नाही, आणि सिगारेटचं स्वप्न पडलं म्हणून बायको माहेरी निघून जात नाही. म्हणून ते आकडे जसेच्या तसे दारूला लावणं चूक ठरेल. लावता येते ती स्वप्नाची घडण, आणि ती दारू सोडलेल्यांच्या सांगण्याशी हुबेहूब जुळते. नकळत घेतलेला घोट, मध्येच आलेलं भान, मग धसका. याला मेंदूचंही कारण आहे. १९९० च्या दशकात झोपलेल्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली गेली. रेम झोपेत भावनांशी संबंधित भाग, विशेषतः अमिग्डाला, जोरात काम करत असतो आणि कपाळामागचा विवेकाचा, सारासार विचाराचा भाग मंदावलेला असतो, असं त्यांत दिसलं. ‘मी सोडली आहे’ ही माहिती ज्याच्या ताब्यात असते तो रखवालदारच तेव्हा डुलकी घेत असतो. म्हणून स्वप्नात निश्चय हरला असं म्हणता येत नाही. निश्चयाला तिथे बोलावणंच गेलेलं नव्हतं.

फिनलंडचे अंटी रेव्होन्सुओ यांनी २००० मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. स्वप्न ही मेंदूची धोक्याची रंगीत तालीम आहे, असं ते म्हणतात. आदिमानवाच्या स्वप्नात श्वापद येत असेल, विद्यार्थ्याच्या स्वप्नात कोरी उत्तरपत्रिका येते. नोकरी लागून वीस वर्षं झालेल्या माणसांनाही गणिताचा पेपर राहून गेल्याचं स्वप्न पडतं. त्यांना पुन्हा नापास व्हायचं असतं, असं कुणी म्हणत नाही. दारू पीत असताना माणसाला दारूचा धोका वाटत नसतो, तो बायकोच्या भांडणाचा, पैशाचा, साहेबाचा वाटतो. सोडल्यावर पहिल्यांदा दारू हाच धोका होतो, आणि मेंदूची तालीम बदलते. हा सिद्धान्त सगळ्या स्वप्नांना लागू होतो असं मी म्हणणार नाही, पण या एका स्वप्नाला तो चपखल बसतो.

फ्रॉइडचं नाव घेऊन कुणी म्हणेल, की प्रत्येक स्वप्न ही इच्छापूर्ती असते. फ्रॉइडनं १९०० सालच्या आपल्या ग्रंथात तसं मांडलं हे खरं. पण पहिल्या महायुद्धानंतर, खंदकातला स्फोट रोज रात्री पुन्हा भोगणारे सैनिक त्याच्यासमोर आले, तेव्हा १९२० मध्ये त्यानंच मान्य केलं की ही स्वप्नं इच्छापूर्तीच्या चौकटीत मावत नाहीत. तेव्हा फ्रॉइडच्या आधारानं दारू सोडलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवायचं असेल, तर निम्माच फ्रॉइड वाचून चालणार नाही.

याहून जड आक्षेप दुसरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. अमेरिकेत ख्रिश्चन गिलिन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की दारूच्या व्यसनासाठी दाखल झालेल्या, नैराश्य नसलेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या झोपेत सुरुवातीलाच रेमचा दाब जास्त होता, ते तीन महिन्यांत पुन्हा पिण्याची शक्यता अधिक होती. मग स्वप्नं ही धोक्याची खूण नव्हे काय? इथे नीट बघावं लागतं की मोजलं काय गेलं. त्यांनी झोपेची विद्युतलेखनं मोजली, म्हणजे रेम किती लवकर येते, किती दाट येते. स्वप्नात दारू आहे की समुद्र, याची ती नोंद नव्हती. रेमचा दाब हा दारूनं मेंदूची घडी किती विस्कटली आहे याचा एक काटा आहे, आणि ज्याची घडी जास्त विस्कटली त्याला ती बसवायला जास्त वेळ लागतो. ज्यांचं व्यसन जास्त गंभीर होतं त्यांना ही स्वप्नं अधिक पडतात, हे केलींच्या पाहणीतलं निरीक्षणही याच दिशेचं आहे. यातून निघणारा अर्थ व्यवहाराचा आहे. वारंवार, झोपमोड करणारी स्वप्नं पडत असतील तर त्या माणसाला अधिक आधार हवा, फॉलोअप चुकवू नये, झोपेबद्दल डॉक्टरांशी बोलावं. त्याच्या चारित्र्याबद्दल किंवा निश्चयाच्या खरेपणाबद्दल या अभ्यासातून काहीही निघत नाही.

आणि ज्याला स्वप्नात मजा आली, त्याचं काय? काही जण घाबरून उठत नाहीत, चुटपुटत उठतात, अरे, स्वप्नच होतं! ही कबुली फार थोडे देतात, कारण तिची लाज वाटते. त्यांना खोटं सांगू नये. जाग आल्यावरची भावना हीच स्वप्नातली वाचण्यासारखी ओळ असते. धसका असेल तर सोडलेलं सुटू नये याची काळजी आहे. हुरहूर असेल तर तलफ जागी आहे आणि तो दिवस जपून काढायचा आहे. हुरहूर म्हणजे अपयश नव्हे, पण दुर्लक्ष करण्यासारखीही ती नाही. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटातून जाणाऱ्या निराश माणसांच्या स्वप्नांचा अभ्यास केला. ज्यांच्या स्वप्नात सोडून गेलेला जोडीदार येत होता, ते वर्षभरानं अधिक सावरलेले आढळले. दारू ही कित्येकांची पंधरा-वीस वर्षांची सोबत असते, कितीही वाईट असली तरी. ती जाताना मन तिला स्वप्नात भेटतं, तेव्हा कधी भांडतं, कधी गळ्यात पडतं. हे निरोपाचंच काम असतं आणि ते एका रात्रीत उरकत नाही.

खरा धोका कुठे आहे ते वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ॲलन मार्लाट यांनी दाखवलं. पूर्ण बंदीचा निश्चय केलेला माणूस एकदा चुकला, की त्या घोटापेक्षा ‘आता सगळं संपलं’ या विचारानं तो जास्त खाली जातो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. एकादशीला चुकून वरणाचा घास पोटात गेला की घरात कुणीतरी म्हणतंच, मोडलाच आहे उपास, आता जेवून घे. दारूच्या स्वप्नानं हाच प्रसंग उभा राहतो, तोही काही न घेता! मन म्हणतं, मोडलंच आहे, आतून तर मी प्यायलोच. इथे गडकऱ्यांच्या १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ची छाया आपल्या मनावर अजून आहे. पहिला प्याला माणसाला शेवटपर्यंत ओढत नेतो, ही त्या नाटकातली भीती जागेपणी शंभर टक्के कामाची आहे, त्यातल्या सुधाकराची गोष्ट आजही गल्लोगल्ली घडते. पण ती भीती स्वप्नातल्या प्याल्याला लावायची नाही. तो रक्तात उतरत नाही, यकृतात जात नाही, मेंदूतलं जुनं यंत्र पुन्हा सुरू करत नाही. सोडल्याची तारीख त्यानं बदलत नाही. कॅलेंडरवर रोज खूण करणाऱ्यानं त्या सकाळीही खूण करावी, निःशंक मनानं.

मग करायचं काय? सगळ्यांत वाईट उपाय म्हणजे झोपताना ‘आज तो विचार करायचाच नाही’ असं घोकणं. डॅनिएल वेग्नर यांचा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग १९८७ चा. ज्याचा विचार करू नका असं सांगितलं, तेच लोकांच्या मनात पुन्हा पुन्हा आलं. २००४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे स्वप्नांपर्यंत नेलं. झोपण्यापूर्वी एखाद्या व्यक्तीचा विचार दाबायला सांगितलेल्यांच्या स्वप्नात ती व्यक्ती अधिक आली. म्हणून दाबण्यापेक्षा बोलावं. वाईट स्वप्न कुणाला सांगू नये अशी काही घरांत रीत असते, ती इथे बाजूला ठेवावी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमध्ये, मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राच्या फॉलोअपला, स्पॉन्सरला म्हणजे गटातल्या आपल्या मार्गदर्शक सोबत्याला फोनवर, जिथे ऐकणाऱ्याला हे माहीत आहे तिथे स्वप्न सांगावं. गटात एकानं सांगितलं की दोघं-तिघं मान डोलावतात, आणि ‘माझ्या एकट्याच्याच बाबतीत’ हा गैरसमज तिथल्या तिथे जातो. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्रात असं बोलायला आणखी एक जागा झाली, ही साधी गोष्ट नाही. जवळ केंद्र नसेल तर सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे.

बायकोला सांगावं का, हा नाजूक प्रश्न आहे. तिनं वर्षानुवर्षं वास ओळखण्यात, खिसे तपासण्यात काढलेली असतात. साडेचारला घामाघूम उठलेला नवरा पाहून तिला काय वाटेल हे सांगायला नको. तिच्या संशयाला दोष देता येत नाही, तो अनुभवानं आलेला आहे. माझं मत असं, की सांगावं, पण पहाटे अंधारात नव्हे. सकाळी चहाच्या वेळी, आणि आधीच कधीतरी हे होऊ शकतं असं दोघांनी एकत्र ऐकलेलं असेल तर फार बरं. समुपदेशकानं पहिल्या आठवड्यातच पतीपत्नींना समोर बसवून ही स्वप्नं पडतील, त्यांचा अर्थ काय आणि काय नाही, हे सांगितलं पाहिजे. तसं झालेलं असेल तर ‘तुमच्या डोक्यात अजून तेच आहे’ हे वाक्य तिच्या तोंडून येत नाही. आणि ते आलं नाही, तर पुढचं स्वप्न तो लपवत नाही.

जाग आल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत अंथरुणात पडून राहू नये. दिवा लावावा, तोंड धुवावं, पाणी प्यावं, आजची तारीख आणि सोडून झालेले दिवस मोठ्यानं म्हणावे. विवेकाच्या भागाला जागं व्हायला थोडा अवधी आणि उजेड लागतो. चार वाजले असतील तर पुन्हा झोपायचा हट्ट नको, दाराशी बसून दूधवाल्याची वाट बघितली तरी चालते. दुपारनंतर चहा-कॉफी आवरती घ्यावी, जेवण उशिरा आणि जड नको. एए मध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींपासून जपायला सांगतात. स्वप्नाच्या दुसऱ्या दिवशी ही यादी आवर्जून बघावी, कारण त्या दिवशी मन हळवं असतं. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं झोपेची गोळी आणू नये. झोपेच्या कित्येक गोळ्या दारूच्याच गाबाच्या वाटेनं काम करतात, आणि एक सुटताना दुसरीची सवय लागते. दारूबरोबर तंबाखूही सोडत असाल, तर निकोटिनचा पॅच रात्रभर ठेवल्यानंही स्वप्नं भडक होतात. तसं होत असेल तर डॉक्टरांना विचारून तो रात्री काढता येतो.

एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर त्याच्यावर दिवसा काम करता येतं. अमेरिकेत बॅरी क्राको यांनी लैंगिक अत्याचाराच्या आघातातून जाणाऱ्या स्त्रियांच्या दुःस्वप्नांसाठी वापरलेली पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांची दुःस्वप्नं तिनं लक्षणीय कमी झाली. पद्धत अगदी साधी आहे. स्वप्न वहीत लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा, आणि तो बदललेला प्रसंग रोज दिवसा काही मिनिटं डोळे मिटून पाहायचा. गच्चीवरचा तो माणूस हेच करू शकतो. कुणीतरी ग्लास पुढे करतं, तो ग्लास चटईवर ठेवतो, चपला शोधतो आणि जिना उतरू लागतो. खाली रस्त्यावर अजून बॅंडवाले सामान आवरत असतात. समुपदेशकाच्या मदतीनं केलं तर अधिक चांगलं, कारण पिण्याचा प्रसंग मुद्दाम डोळ्यांपुढे आणताना काहींना तलफ येते, आणि तसं झालं तर थांबवायला शेजारी माणूस हवा.

ही स्वप्नं पुढे वर्षांनी विरळ होतात, पण हद्दपार होतीलच असं नाही. सोडून सात-आठ वर्षं झालेल्यांनाही एखाद्या लग्नानंतर, तापात, घरातल्या मृत्यूनंतर किंवा सोडल्याच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री असं स्वप्न पडतं, आणि ते आलं की पहिल्या महिन्यासारखीच छाती धडधडते. फरक पुढच्या काही मिनिटांत असतो. खिसे चाचपायला हात जात नाही. कधी कधी स्वप्नही बदललेलं असतं. गटांमध्ये लोक सांगतात, या वेळी ग्लास हातात होता पण मी प्यायलो नाही. कुणी सांगतं, मी स्वप्नातच म्हणालो, मला चालत नाही. त्या मंदावलेल्या, डुलकी घेणाऱ्या रखवालदारापर्यंत ही बातमी पोचायला कुणाला वर्ष लागतं, कुणाला पाच. तोवर साडेचारला दिवा लावायचा, आणि सकाळी चहाबरोबर सांगायचं, आज पुन्हा गच्चीवर होतो.